संक्रांतीच्या मापाचा स्वेटर

ऐरोलीच्या एका मुलीने विचारलं आहे: "काकू, मी आत्या होणार आहे. वहिनीची तारीख ऑगस्टअखेरची आहे. बारशाला स्वतः विणलेला स्वेटर द्यायची फार इच्छा आहे. शाळेत शिकलेले सुलट-उलट टाके तेवढे येतात. लोकर कोणती घेऊ, किती टाके घालू, आणि आपल्याकडच्या उकाड्यात बाळाला ते बाधणार तर नाही ना?"

तू काकू म्हणालीस, म्हणून मीही तुला तू म्हणते. ठाण्यात नौपाड्यात मी 35 वर्षं विणते आहे आणि त्यातली बरीच वर्षं शिकवतेही आहे. पहिला स्वेटर घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची चूक एकच असते. टाके सुटतात, वीण वाकडी होते, ते सगळं दुरुस्त करता येतं. पण स्वेटर ज्या दिवशी बाळाच्या अंगात जायला हवा, त्या दिवशी तो बसत नाही, याला काही इलाज नसतो. म्हणून आधी दिवस ठरवू, टाक्यांचं मग बघू.

ऑगस्टअखेर जन्म म्हणजे बारसं सप्टेंबरच्या मध्यावर. तेव्हा ऐरोलीत पाऊस, दमट हवा आणि उकाडा असतो. त्यामागून ऑक्टोबर येतो. त्या दिवसांत बाळाला मऊ सुती झबलं पुरतं. शिवाय आपल्या घरांमधून पहिले दिवस बाळाला जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीची दुपटी-झबली घालतात, आणि त्या नाजूक कातडीला तेच योग्य असतं. बारशाला नवजात बाळाच्या मापाचा स्वेटर दिलास, तर फोटोपुरता पाच मिनिटं अंगावर चढेल आणि डिसेंबरात थंडी येईल तेव्हा बाळाच्या दंडातही जाणार नाही.

आपल्याकडे स्वेटर खरा लागतो तो डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, पहाटे आणि रात्री. तेव्हा बाळ साडेतीन ते पाच महिन्यांचं असेल. संक्रांत, बोरन्हाण त्याच काळात. म्हणून माप घे 6 महिन्यांचं. बारशाला हवं तर अर्धा विणलेला स्वेटर सुयांसकट दाखव, वहिनीला आनंदच होईल. तुला चार महिने जास्तीचे मिळतात ते वेगळेच.

बोरन्हाणाला काळं घालतात म्हणून काळी लोकर घ्यायचा मोह होईल. पहिल्या स्वेटरला ती घेऊ नकोस. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, ट्यूबलाइटखाली तर अजिबातच नाहीत, आणि चुकलेली ओळ चार बोटं पुढे गेल्यावर कळते. फिकट रंग घे आणि बटणं काळी लाव.

आता लोकर. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण स्वस्त मिळणारे गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक हलकं असतं, धुवायला सोपं, रंग पक्का. पण घाम शोषत नाही, आणि आगीजवळ पेट घेतं, वितळतं, वितळलेलं कातडीला चिकटतं. आपल्याकडे अंघोळीनंतर बाळाला शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी देतात, बारशाला-बोरन्हाणाला निरांजनाने ओवाळतात. एका घरी धुरीच्या वेळी ठिणगी उडून टोपड्याच्या काठाचा कडक काळा खडा झालेला मी पाहिला आहे. टोपडं तेव्हा बाळाच्या डोक्यावर नव्हतं, बाळाला मांडीवर घेतलेल्या आजीच्या हातात होतं, एवढंच. तेव्हापासून मी प्रत्येक आईला सांगते: निखारा किंवा ज्योत जवळ असेल तेव्हा विणलेलं काहीही बाळाच्या अंगावर ठेवू नका. सूतही पेट घेतंच.

मेंढीची खरी लोकर सहजी पेटत नाही आणि ऊबही छान देते, पण जाडीभरडी असेल तर बाळाला टोचते. मऊ मेरिनो चांगली, पण महाग, आणि कुणी चुकून गरम पाण्यात टाकून चोळली की आटून नमद्यासारखी होते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते उष्णतेने आणि घासण्याने एकमेकांत अडकतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत. तुझ्यासाठी सूत आणि ॲक्रिलिक मिश्र असलेला मऊ धागा बरा. ऐरोलीच्या थंडीला तेवढी ऊब भरपूर झाली. निवडताना हातावर नको, गालावर आणि मानेवर घासून बघ. केसाळ, फुलारलेली लोकर कितीही गोंडस दिसली तरी घेऊ नकोस, तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात.

150 ग्रॅम घे आणि एकदमच घे. गुंड्यावरच्या पट्टीवर डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर सारखा आहे ना ते दुकानातच बघ. नंतर आणलेला पांढरासुद्धा वेगळा पांढरा निघतो. जांभळी नाक्याच्या गर्दीत उभं राहून नंबर जुळवायला कंटाळा येतो, तरी जुळव.

सुया 9 नंबरच्या, म्हणजे पावणेचार मिलिमीटरच्या. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात ठेव. या स्वेटरमध्ये एका वेळी 120 टाके सुईवर येतात, म्हणून सरळ सुयांऐवजी तारेने जोडलेली लांब गोल सुई घे. तिच्यावर सरळ विणकामासारखंच मागे-पुढे विणता येतं, वजन मांडीवर राहतं, आणि ऐरोली-ठाणे गाडीत बसायला मिळालं तर शेजारणीला सुईचं टोक लागत नाही.

विणायला बसण्याआधी नमुना कर. हा भाग मुली हमखास टाळतात, म्हणून नीट वाच. 32 टाके घाल आणि सगळ्या ओळी सुलट विणत साधारण 12-13 सेमीचा चौकोन कर. तो जसा पुढे स्वेटर धुणार तसाच धू, सपाट वाळव आणि मगच मोज. सूत धुतल्यावर थोडं सैल पडतं, न धुता मोजलेलं माप फसवतं. मधल्या 10 सेमीत माझ्या हाताने 24 टाके आणि 48 ओळी येतात. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन ओळींची मिळून एक उठावदार आडवी वळी दिसते, म्हणजे 10 सेमीत 24 वळ्या. ओळी मोजण्यापेक्षा वळ्या मोजणं सोपं जातं.

तुझा हात घट्ट असेल आणि 10 सेमीत 28 टाके आले, तर माझे 60 टाके तुझ्याकडे 25 सेमीऐवजी 21.4 सेमी भरतील. पाठ-पोट मिळून स्वेटरचा घेर साधारण 43 सेमी होईल. 6 महिन्यांच्या बाळाची छातीच साधारण 43 सेमी असते, म्हणजे आतल्या झबल्यालासुद्धा जागा राहणार नाही. अशा वेळी 8 नंबरची सुई घेऊन पुन्हा नमुना कर. 22 च टाके आले तर 10 नंबरवर जा. पट्टीवर किती पदरी लिहिलं आहे त्यावर भरवसा ठेवू नकोस, दोन कंपन्यांच्या चार पदरी लोकरीची जाडी वेगळी असू शकते. तुझा नमुना जे सांगेल ते खरं.

स्वेटर पुढून उघडाच कर. माझा पहिला स्वेटर मी भाच्यासाठी डोक्यातून घालायचा केला होता, बंद गळ्याचा. छातीला अगदी बरोबर बसत होता, पण डोक्यातून जाईना. तान्ह्या बाळाचं डोकं घेराला जवळपास छातीएवढंच असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कान दुमडले, बाळ लालबुंद होऊन रडलं, आणि तो स्वेटर पुन्हा कधी कुणी त्याला घातला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं. पुढून उघडा स्वेटर बाळाला निजवूनच घालता येतो, मान सावरत बसावं लागत नाही.

आता विणकाम. हा स्वेटर एकाच तुकड्यात होतो: पाठीच्या खालच्या काठापासून सुरू करून वर, खांद्यावरून पुढे, आणि पुढचे दोन्ही भाग खाली. उलटा टाका कुठेच लागत नाही.

पाठीसाठी 60 टाके घाल. सैल घाल, घट्ट काठ पोटावर वळ उठवतो. 76 ओळी, म्हणजे 38 वळ्या सुलट विण, साधारण 16 सेमी भरतील. आता बाह्या. काम वळवून घे आणि पहिल्या टाक्यातून नवा टाका ओढून डाव्या सुईवर चढव, असे 30 टाके वाढव. मग सगळे 90 विण. काम वळवून दुसऱ्या बाजूलाही तसेच 30 वाढव. आता सुईवर 120 टाके आहेत आणि कामाला बाह्या पसरलेल्या झबल्याचा आकार आला आहे. इथून 48 ओळी, 24 वळ्या, म्हणजे 10 सेमी विणलंस की खांद्यावर पोचलीस.

पुढची ओळ जरा लक्ष देऊन. 48 टाके विण, मधले 24 सैल हाताने बंद कर, राहिलेले विण. शेवटचा टाका बंद करताना जो एक टाका उजव्या सुईवर उरतो, तो पलीकडच्या 48 पैकीच पहिला. तो वेगळा मोजला की पुढे एक टाका कमी भरतो, आणि दरवर्षी निदान दोघी तरी याच ठिकाणी अडकून माझ्याकडे येतात. अलीकडचे 48 टाके एका जाड दोऱ्यात ओवून बाजूला ठेव.

दोरा आता बाहीच्या टोकाला आहे. या 48 वर 15 ओळी विण, गळ्याच्या पुढच्या उतारासाठी. पंधरावी ओळ गळ्याच्या बाजूला संपते, तिथे काम वळवून 15 टाके वाढव. झाले 63. एकूण 48 ओळी भरेपर्यंत विणत जा. मग बाहीच्या बाजूचे 30 टाके बंद कर. राहिले 33, त्यांवर 76 ओळी विण आणि बंद कर. पुढचा एक भाग झाला. 33 का, 30 का नाहीत? पाठीच्या निम्मे 30, आणि बटणपट्टी एकमेकींवर चढायला दोन्हीकडे 3-3 जास्तीचे.

दुसऱ्या भागाला दोरा गळ्याच्या बाजूने जोड. इथे गळ्याची कड सम ओळींच्या शेवटी येते, म्हणून 15 टाके सोळाव्या ओळीनंतर वाढव, आणि बाहीचे 30 बंद करायला 47 ओळींनंतर वळ. या विणीत एका ओळीचा फरक डोळ्यांना दिसत नाही. काजं याच भागात कर: गळ्याचे टाके वाढवल्यावर 4 ओळी सोड, मग कडेचे 2 टाके सोडून सुईवर एक वेढा घे आणि पुढचे दोन टाके एकत्र विण. तेवढ्या भोकात लहान बटण जातं. अशी 3 काजं पुरेत, दर 20 ओळींनी एक. खालचा भाग उघडाच राहू दे, बाळ पाय पोटाशी घेतं तेव्हा तो अडत नाही.

एकूण साधारण 21 हजार टाके होतात. नवख्या हाताने मिनिटाला 20 धरले तर साडेसतरा तास. रोज अर्धा तास विणलंस तर सव्वा महिन्यात काम होतं. म्हणून म्हणते, घाई नाही.

टाका सुटला तर काम खाली ठेव, ओढाताण करू नकोस. क्रोशाची सुई घे आणि खालच्या टाक्यातून वरची आडवी तार एकेक करून ओढत वर ये. सगळ्या ओळी सुलट असतात तेव्हा एक तार पुढून आणि त्यानंतरची मागून ओढायची असते, नाहीतर तिथली वळी नाहीशी होते. टाके आपोआप वाढत असतील, तर बहुधा ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे टाकतेस, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि तू दोन्ही विणतेस. दोरा आधी सुईखालून मागे ने.

शिवण फक्त दोन, दोन्ही बाजूंना एकेक: मनगटापासून बगलेपर्यंत आणि तिथून खाली काठापर्यंत. कडेला कड भिडवून सपाट शिव, एकावर एक ठेवून नको, नाहीतर आत कंगोरा राहतो आणि बाळ त्यावरच झोपतं. दोऱ्यांची टोकं तीन-चार बोटं आत ओवून मगच काप. आतल्या बाजूला एकही सैल फास राहू देऊ नकोस. बाळाचं बोट त्यात अडकून गुंडाळलं गेलं, तर रक्त अडतं आणि बाळ नुसतं रडत राहतं, कारण कुणाला कळत नाही.

बटणं दुहेरी पक्क्या दोऱ्याने लाव आणि प्रत्येक बटण जोराने ओढून बघ. चार-पाच महिन्यांचं बाळ हातात येईल ते तोंडात घालतं. गळ्याला रेशमी नाडी किंवा गोंडे लावू नकोस, ते कितीही सुंदर दिसत असले तरी. नाडी गळ्याभोवती आवळते, गोंडा सुटून घशात जातो. यात मी कुणाच्याही हौसेला मान देत नाही.

उकाड्याचं विचारलंस. बाळाला गरम होतंय का ते हातापायांवरून कळत नाही, तान्ह्यांचे हातपाय तसेही गार असतात. मानेच्या मागे, झबल्याच्या आत बोटं घालून बघायचं. घाम किंवा ओल लागली की स्वेटर लगेच काढायचा. घरात झोपताना विणलेलं टोपडं डोक्यावर नको, बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर टाकतं. सकाळी खाडीकडून गार वारा येतो तेव्हा बाहेर नेताना, किंवा एसीच्या गाडीतून जाताना घालावा. वहिनीचं माहेर नाशिककडचं असलं तर तिथे याच्या आत अजून एक लांब बाह्यांचं झबलं लागेल, म्हणूनच घेरात 7 सेमीची मोकळीक ठेवली आहे.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट वाळत घालायचं. दोरीवर टांगलेला ओला सुती स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांब होतो. आणि उन्हाळ्यात ठेवणीत टाकताना डांबरगोळ्या अजिबात घालू नका. त्यातल्या नॅफ्थलिनच्या वासाचे कपडे थेट अंगात घातले, तर जी6पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात आणि जबर कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ती कमतरता आहे की नाही, हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. भावंडांचे जुने ट्रंकेतले कपडे बाळाला घालायचे असतील, तरी आधी धुऊन दोन-तीन दिवस उन्हात आणि वाऱ्यावर ठेवायला वहिनीला सांग. स्वेटर कोरडा करून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या सुती पिशवीत ठेवला की पावसाळा निभतो.

उरलेला अर्धा गुंडा कुणाला देऊन टाकू नकोस, स्वेटरबरोबर ठेव. बाह्या मी मुद्दाम थोड्या आखूड सांगितल्या आहेत, लांब बाही तोंडात जाते आणि दिवसभर ओली राहते. पुढच्या थंडीला बाळ सव्वा वर्षाचं असेल. अंग भरलं तरी पुढून उघडा असल्यामुळे स्वेटर बटणं न लावता चालेल, फक्त बाह्या कोपराच्या थोड्याच खाली येतील. तेव्हा मनगटाच्या कडेने प्रत्येक वळीमागे एक टाका उचल, बरोबर 48 येतील, आणि हवे तितके सेंटिमीटर सुलट विणून सैल बंद कर. बाही शिवलेली असेल तर शिवण आधी चार बोटं उसवून घे.